कंपनीचा वकील कोणाचा?

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही उभा जन्म शाळेत घालविला. कायद्याची पदवी आमच्यापाशी नाही. परंतु आमचा एक विद्यार्थी एका कंपनीत विधी अधिकारी होता. एका दिवाळीस तो नमस्कारास आला आणि म्हणाला, "गुरुजी, न झालेल्या सभेचा ठराव मागील तारीख घालून तयार करावयास संचालकांनी सांगितले आहे. नाही म्हटले तर नोकरी जाईल."

अशा प्रसंगी वकिलाने प्रथम विचारावे, आपला अशील कोण? लंडनच्या सालोमन नावाच्या चर्मव्यापाऱ्याच्या खटल्यात १८९७ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ठरविले की, कंपनी आणि तिचा मालक या दोन भिन्न व्यक्ती होत. आपला कायदाही हेच तत्त्व मानतो. म्हणून कंपनीच्या वकिलाचे इमान कंपनीशी. संचालकांच्या मर्जीशी नव्हे.

अशिलाचे गुपित वकिलाने राखावे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमातही तो आहे. तथापि बेकायदेशीर हेतू साधण्यासाठी केलेल्या बोलण्यास ते कवच नाही. शिवाय ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कंपनीचा पूर्णवेळ पगारी विधी अधिकारी न्यायालयात वकिली करीत नसल्यामुळे त्यास १३२ व्या कलमाचे संरक्षण नाही. १३४ व्या कलमाखाली मर्यादित संरक्षण मात्र आहे. तेव्हा 'वकिलाला सांगितले म्हणजे झाकले गेले' या भ्रमात आपल्या व्यापारी बंधूंनी राहू नये. वकिलास खरे सांगावे, वेळेवर सांगावे आणि खोट्यावर त्याची सही मागू नये.

त्या विद्यार्थ्याने ठराव केला नाही. आपला नकार कारणांसह लेखी दिला. नोकरी गेली, कित्येक महिने तो घरी बसला. त्या काळात आपल्याच समाजातील वडीलधाऱ्यांनी त्यास 'व्यवहारशून्य' म्हटले. बंधूंनो, याचे आम्हांस नोकरी गेल्याहून अधिक दुःख झाले. मुलांना वकील करण्यासाठी आपण शिष्यवृत्ती देतो. मग त्यांनी सचोटीने 'नाही' म्हटल्यावर त्यांच्या पाठीशी उभे राहणे हेही या संस्थेचेच कार्य नव्हे काय?