बालकाचे हात आणि कुलूपबंद कपाट



एका अंगणवाडीत मी खेळण्यांविषयी विचारले, तेव्हा सेविकाताईंनी कपाटाचे कुलूप काढून लाकडी ठोकळे, मणी, रंगीत चकत्या असे सारे साहित्य दाखविले. एकाही वस्तूवर ओरखडा नव्हता. “मोडले तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत काय लिहू?” असे त्यांनी विचारले. दोष त्यांचा नव्हे. ती नोंदवही तपासणारे आपणच आहोत.

मूल दिसेल त्या वस्तूला हात लावते, ती त्याची खोडी नव्हे. सहा-सात महिन्यांचे मूल हाती आलेली वाटी तोंडात घालते, या हातातून त्या हातात घेते, जमिनीवर आपटते. वस्तू जाणून घेण्याची हीच त्याची रीत. सुझन लेडरमन व रॉबर्टा क्लॅट्झ्की या संशोधिकांनी १९८७ साली प्रौढांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, जो गुण जाणावयाचा त्याप्रमाणे हाताची हालचाल बदलते. खरखरीतपणा बोट घासून कळतो, कठीणपणा दाबून, वजन उचलून तोलल्याने आणि नेमका आकार कडेवरून बोट फिरविल्याने. बाजारात वांगी निवडणारी गृहिणी हेच करीत असते. तिला ते कोणी शिकविलेले नसते. मात्र लहानपणी तिच्या हाती वस्तू आलेल्या असतात. भिंतीवरील तक्त्यातल्या चेंडूला वजन नसते, हे आपण विसरतो.

यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, खडे, पाने, बिया अशा परिसरातील वस्तूंवरच बालशिक्षण उभे केले. आपल्या गावातही करवंटी, गोणपाटाचा तुकडा, नदीतला गुळगुळीत गोटा, वाळलेल्या दोडक्याची जाळी सहज मिळते. सावधगिरी मात्र हवी. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी वा चिंचोके देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. गुंजा व एरंडाच्या बिया विषारी असल्याने त्या अंगणवाडीत आणूच नयेत.

पंचायत सदस्यांना व पर्यवेक्षकांना माझी एकच विनंती आहे. पुढील भेटीत ठोकळे मळलेले, कडा झिजलेले आढळले, तर प्रतिकूल शेरा मारू नये. वापराने मोडलेल्या साहित्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आला, तर तो अडवून ठेवू नये. आणि साहित्य नवेकोरे दिसले, तर कपाट शेवटचे केव्हा उघडले होते, एवढे अवश्य विचारावे.