ओढ्याची वाट मोकळी ठेवा



सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी आठवते ना?
अहिल्यानगर जिल्ह्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेली.
सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले.
हातातोंडाशी आलेला घास गेला.

पाऊस फार झाला, हे खरं.
पण पाण्याची वाट आपणच अडवली, हेही खरं.

आपल्या राहुरीत मुळा नदीवर धरण आहे.
धरणाला दरवाजे आहेत.
ओढ्याला दरवाजे नसतात.
ओढ्यात वेड्या बाभळी माजतात.
शेताचा बांध सरकत सरकत पात्रात येतो.
पुलाची नळी गाळानं बुजते.
मग पाणी शिवारात घुसतं.

नदीतली वाळू उपसली,
की काठही ढासळतात.

म्हणून पुन्हा सांगते,
ओढ्याची वाट मोकळी ठेवा.
पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत
हा विषय नक्की मांडा.