कडधान्यें आणि त्यांचें पाणी

वरणावांचून भात आणि आमटीवांचून भाकरी ही गोष्ट महाराष्ट्रांतील घरास मानवत नाहीं. परंतु तींच कडधान्यें एका घरीं लोण्यासारखीं मऊ शिजतात आणि दुसऱ्या घरीं तासभर विस्तवावर राहूनही दांतांखालीं कचकचतात. अशा वेळीं दोष बहुधा विस्तवास दिला जातो. वस्तुतः तो पाण्याचा, आणि पाण्यास न दिलेल्या वेळाचा असतो.

पुणें जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यांतील हिंजवडी हें म्हातोबाचें गांव. मुळशी हा भाताचा मुलूख. भात निघाल्यावर खाचरांत जी ओल उरते, तिच्यावर वाल, हरभरा, मसूर हीं कडधान्यें घेण्याची रीत ह्या भागांत जुनी आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस येथें राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी सुरू झाली. शेतांच्या जागीं उंच इमारती आल्या आणि देशाच्या सर्व प्रांतांतून तरुण मंडळी नोकरीनिमित्त येऊन राहिली. कोणाच्या डब्यांत राजमा, कोणाच्या तूर, तर कोणाच्या मटकी. धान्य निराळें, पण अडचण एकच. दिवसभर राबून रात्रीं घरीं यावें, कोरडे दाणे तसेच भांड्यांत टाकावे, आणि ते शिजेनासे झाले म्हणजे बाहेरचें जेवण मागवावें. अशानें पैसा जातो आणि अंगीं लागणारें अन्न डब्यांतच पडून राहतें.

दाणा शिजतो म्हणजे काय होतें, हें एकदां नीट समजलें तर ही अडचण पुष्कळशी दूर होईल. वाळलेल्या दाण्यांत पाण्याचा अंश साधारण दहावा हिस्साच असतो. रात्रभर भिजल्यावर त्याचें वजन दुपटीच्या घरांत जातें. दाण्यांतील पेशींस एकमेकींशीं जखडून ठेवणारें पेक्टिन नांवाचें एक द्रव्य असतें; तें उष्ण पाण्यांत विरघळलें म्हणजे दाणा मऊ होतो. कूपनलिकेचें पाणी पुष्कळदां जड असतें. त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्या पेक्टिनास अधिकच घट्ट करतात. हिंजवडींतील अनेक इमारतींस असें पाणी किंवा टँकरचें पाणी वापरावें लागतें. तेथें भिजविण्याच्या पाण्यांत थोडें मीठ घालावें. त्यानें दाण्याचें साल नरम पडतें. खाण्याच्या सोड्यानेंही दाणा लवकर शिजतो खरा, परंतु त्यामुळें ‘ब’ वर्गांतील एका जीवनसत्त्वाचा नाश होतो. म्हणून सोड्याची संवय बरी नव्हे.

आंबटाचेंही असेंच आहे. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आरंभींच घातल्यास पेक्टिन विरघळत नाहीं आणि दाणा अडून बसतो. दाणा बोटानें चेपला जाईपर्यंत आंबट पदार्थ दूर ठेवावा. आमसूल शेवटच्या उकळीस टाकण्याची जी जुनी रीत आहे, तिच्या मागें हेंच कारण आहे. शिवाय हिंजवडी समुद्रसपाटीहून साडेपांचशें मीटरांच्या वर असल्यामुळें तेथें पाणी सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. १६७९ सालीं डेनिस पापिन ह्यानें जें दाबाचें भांडें दाखविलें, त्याचाच वंशज असलेला आजचा कूकर तें उष्णमान १२० अंशांच्या आसपास नेतो आणि वेळ वांचवितो. परंतु फार जुना सांठा, जड पाणी आणि आरंभींचें आंबट हीं तिन्ही एकत्र आलीं, तर कूकरही टेंकीस येतो.

भिजविण्यास वेळ लागतो, पण राखण लागत नाहीं. रात्रीं निजतांना मटकी भिजत घालावी. सकाळीं पाणी निथळून ती ओल्या फडक्यांत बांधावी आणि खुशाल कामावर जावें. उन्हाळ्यांत सायंकाळपर्यंत मोड दिसूं लागतात. थंडींत एक दिवस अधिक लागतो. मोड येतांना दाण्यांत ‘क’ जीवनसत्त्व उत्पन्न होतें. ही मटकी भरपूर पाण्यांत शिजवून पाणी गाळून घ्यावें. त्यास जिरें, लसूण व कढीलिंबाची फोडणी, मीठ, आमसूल आणि गुळाचा खडा दिला कीं कळण तयार झालें. उरलेल्या दाण्यांची उसळ होते. एका भांड्यांतून दोन पदार्थ निघतात आणि कांहींच वायां जात नाहीं. पुरणासाठीं शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचें पाणी काढून केलेली कटाची आमटी ह्याच काटकसरीची लेंक होय. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे तर आपल्या तिखट रसांतच शिजतात आणि त्यास आपोआप दाटपणा आणतात.

राजम्याच्या बाबतींत मात्र एक सावधगिरी अवश्य पाळावी. कच्च्या राजम्यांत एक विषारी द्रव्य असतें आणि तें मंद आंचेवर नाहींसें होत नाहीं. भिजविलेलें पाणी फेंकून द्यावें, नवें पाणी घालून राजमा निदान अर्धा तास खदखदां उकळावा आणि पूर्ण मऊ झाल्यावरच खावा. केवळ ऊब देणाऱ्या विजेच्या भांड्यांत तो कच्चा टाकणें धोक्याचें आहे.

तांदळांत लायसिन नांवाचें प्रथिनद्रव्य कमी असतें, तें कडधान्यांत विपुल असतें. कडधान्यांत मेथिओनिन कमी असतें, तें तांदूळ भरून काढतो. मुळशीच्या शेतकऱ्यानें भातामागून वाल पेरला तेव्हां हीं नांवें त्याच्या कानांवरही नव्हतीं. तरी एकाच खाचरांतून त्यानें पुरें जेवण उभें केलें. आज त्याच भूमीवर राहणाऱ्या नोकरदारास तें जेवण परकें राहण्याचें कारण नाहीं. त्यास शेत लागत नाहीं, चूल लागत नाहीं. रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं मूठभर दाणे पाण्यांत टाकण्याची आठवण तेवढी लागते.