पित्त की बीपी?



आठव्या महिन्यात पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं, मळमळलं, की घरातलं निदान ठरलेलं असतं: ‘पित्त झालंय, थंड दूध घे.’ बहुतेकदा ते खरंही असतं. वाढतं गर्भाशय जठराला वर ढकलतं, जळजळ होते. पण गरोदरपणात बीपी चढून यकृताला सूज येते, तेव्हाही दुखतं तिथंच, उजव्या बरगडीखाली. सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, चेहरा सुजला असेल, तर दूध राहू द्या. लगेच बीपी आणि लघवी तपासून घ्या. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, लघवीत प्रथिनं आली, तर पुढे झटके येऊ शकतात.

या बीपीशी जठरातल्या एका जंतूचाही संबंध असावा, अशी शंका आहे. त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठराच्या आम्लात जंतू जगेल, हे डॉक्टरांनाच पटत नव्हतं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो चक्क पिऊन दाखवला आणि जठराचा दाह ओढवून घेतला! २००५ साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं.

पुढे इटलीतल्या संशोधकांना दिसलं, की गरोदरपणात बीपी चढण्याचा हा विकार झालेल्या बायकांमध्ये या जंतूच्या ‘कॅग-ए’ प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं जास्त आढळतात. प्रयोगशाळेत ही प्रतिपिंडं वारेच्या पेशींनाही चिकटली. वार नीट रुजली नाही, तर तिला रक्त कमी पडतं आणि आईचं बीपी चढतं. धागा जुळतो खरा. पण आपल्याकडे हा जंतू घरोघरी आहे, लहानपणीच शिरतो, आणि बहुतेक जणींचं बाळंतपण तरीही सुखरूप होतं. जंतू मारला म्हणून बीपी टळतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये जंतू निघाला म्हणून घाबरू नका आणि दुकानातून अँटिबायोटिक आणू नका.

ठोस पुरावा आहे तो मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचा. त्यानं झटक्यांचा धोका निम्म्यावर येतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं बीपी मोजतात. आणि मागच्या खेपेला बीपी वाढलं असेल, तर डॉक्टरांना तिसऱ्या महिन्यातच सांगा. ॲस्पिरिनची छोटी गोळी द्यायची असेल, तर ती बाराव्या आठवड्यापासून सुरू करतात.