नकारामागील विवेक

तंत्रज्ञान नाकारणारा मनुष्य अडाणी किंवा भित्रा असतो, असा समज रूढ आहे. डोनाल्ड क्नूथ यांचे उदाहरण तो खोडून काढते. संगणकशास्त्रातील हे अध्वर्यू. अक्षरजुळणीची ‘टेक’ ही संगणकप्रणाली त्यांचीच निर्मिती. सुमारे १५ वर्षे ई-मेल वापरून १ जानेवारी १९९० पासून त्यांनी तो सोडला. विषयाच्या तळाशी जाणे हे आपले काम असून त्यासाठी दीर्घ, अखंड एकाग्रता लागते, ही त्यांची भूमिका. संगणक त्यांनी सोडला नाही. टपालाने येणारी पत्रेही ते स्वीकारीत राहिले.

मुलांच्या हाती मोबाइल देताना, आणि स्वतःच्या हातातला खाली ठेवताना, पालकांनी हाच हिशेब मांडावा: साधन काय देते आणि मोबदल्यात कोणता वेळ नेते?