इस्तंबूलचीं कुत्रीं आणि एक वही

श्रोते हो, परदेशीं गेलेला मनुष्य राजवाडे पाहतो, मशिदी पाहतो, बाजार हिंडतो. परंतु एखाद्या शहराचा स्वभाव जाणावयाचा असेल तर तेथील बेवारशी जनावरांकडे पाहावें. तुर्कस्तानांतील इस्तंबूल शहरांत दुकानाच्या उंबऱ्यावरच कुत्रें खुशाल निजतें, आणि गिऱ्हाईक त्याला ओलांडून आंत जातें. मुंबईहून तेथें गेलेल्या एका वृद्ध दांपत्याची ही हकीगत आहे.

त्यांपैकीं बाईंना लहानपणीं कुत्रें चावलें होतें. त्या काळीं पोटांत चौदा सुया टोंचून घ्याव्या लागत. ती आठवण साठ वर्षांनंतरहि बुजली नव्हती. तथापि एका परिचितानें आग्रह केला, म्हणून दोघें बॉस्फरस ओलांडून आशियाकडील काडिकॉय भागांत एका स्वयंसेविकेला भेटावयास गेलीं. ती निवृत्त परिचारिका होती; आळींतील सारे तिला ‘आब्ला’, म्हणजे ताई, म्हणत. तिच्या भाचीला इंग्रजी येत असल्यामुळें संभाषणाची अडचण पडली नाहीं.

ही बाई कुत्र्यांना रोज खाऊं घालीत असेल व त्यांत पुण्य मानीत असेल, अशी पाहुण्यांची समजूत होती. आब्लानें मात्र चहाच्या पेल्यांबरोबर एक जाडजूड वही पुढें ठेविली. तींत सतरा कुत्र्यांचीं नांवें, कानांतील बिल्ल्याचा क्रमांक, नसबंदीची तारीख व रेबीजची लस टोंचल्याची तारीख अशीं कोष्टकें होतीं. “अन्न घालणें हें यांतील सर्वांत सोपें काम,” ती म्हणाली. “तेवढेंच केलें तर सतराचीं चाळीस व्हावयास वेळ लागत नाहीं.” शंभरांपैकीं सत्तर कुत्र्यांना लस मिळाली कीं रोगाचा फैलाव खुंटतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. तो तिनें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेविला होता.

नंतर ती पाहुण्यांना समुद्रकांठीं घेऊन गेली. दूर प्रिन्स बेटें दिसत होतीं. त्यांतील सिव्रिआदा या उजाड, खडकाळ बेटाकडे तिनें बोट केलें. १९१० सालीं शहराला आधुनिक रूप यावें म्हणून हजारों कुत्रीं पकडून त्या बेटावर सोडण्यांत आलीं. तेथें अन्न नव्हतें, गोडें पाणी नव्हतें. त्यांचें रडणें वाऱ्याबरोबर किनाऱ्यापर्यंत ऐकूं येई, असें सांगतात. पुढें १९१२ मध्यें बाल्कन युद्ध पेटलें, तेव्हां हा त्या मुक्या जीवांचा शाप होय असें पुष्कळांना वाटलें.

२००४ च्या कायद्यानें तुर्कस्तानानें निराळी वाट धरली : कुत्रें पकडावें, नसबंदी करावी, लस टोंचावी, व जेथून नेलें तेथेंच सोडावें. आपल्या देशांतहि २००१ च्या नियमांनीं हीच पद्धत स्वीकारली. परंतु २०२४ च्या जुलैंत तेथील कायदा बदलला. कुत्रीं पुन्हां रस्त्यावर न सोडतां निवाऱ्यांत ठेवावीं, व धोकादायक किंवा असाध्य रोगानें पिडलेलीं मारावीं, असें ठरलें. त्या वेळीं बेवारशी कुत्र्यांचा सरकारी अंदाज ४० लाखांचा होता, आणि देशांतील ३२२ निवाऱ्यांत जागा होती सुमारें १ लाख ५ हजारांची.

पाहुण्या बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनीं विचारलें, “आणि एखाद्या मुलाला कुत्रें चावलें तर? त्याच्या आईनें काय करावें?”

आब्लानें बाही वर सारली. कोपराखालीं दांतांचे जुने व्रण होते. “ज्यांना भीति वाटते त्यांचा मला राग येत नाहीं,” ती म्हणाली. “कायदा बदलला तो केवळ दुष्टपणानें नव्हे, मुलें खरोखरच जखमी झालीं होतीं, दगावलीं होतीं. माझ्या शेजारणीनेंच पालिकेकडे तक्रार केली. तेव्हांपासून सकाळीं शाळेची वेळ झाली कीं तिच्या मुलाबरोबर कोपऱ्यापर्यंत मी चालत जातें. ती अजून माझ्याशीं बोलत नाहीं. परंतु मुलाला पाठविते.”

वहीच्या सतरा नांवांपैकीं चारांपुढें रेघ होती. तीं पकडून नेलीं होतीं. निवाऱ्यांत जाऊन तिनें त्यांचा शोध केला. दोन सांपडलीं, दोन सांपडलीं नाहींत. रेघ मात्र शिसपेन्सिलीची होती; शाईनें मारण्यास तिचा हात झाला नव्हता.

निरोप घेतांना एक म्हातारें पिंवळें कुत्रें पाहुण्या बाईंच्या पायांशीं येऊन बसलें. त्यांनीं त्याला हात लावला नाहीं, पण पायहि मागें घेतला नाहीं.

श्रोते हो, दृष्टीआड केलें म्हणजे दुःख संपत नाहीं, हें त्या बेटानें शिकविलें. आणि भाकरीचा तुकडा टाकला म्हणजे कर्तव्य संपत नाहीं, हें त्या वहीनें. दयेला हिशेब लागतो, आणि त्या हिशेबांत भ्यालेला शेजारीहि धरावा लागतो.

मुंबईस परतल्यावर त्या बाईंनीं आपल्या चाळीच्या पहारेकऱ्याला विचारलें, “दारांतल्या या तीन कुत्र्यांना लस केव्हां टोंचली?” त्याला ठाऊक नव्हतें. चाळींत कोणालाच ठाऊक नव्हतें. त्याच संध्याकाळीं त्यांनीं एक वही विकत आणली.