पदपथाचा खर्च कोणी सोसावा?

आगगाडीसाठी साऱ्या नगराने कर द्यावा आणि त्या आगगाडीपर्यंत पोहोचविणारा पदपथ मात्र ज्याच्या दारासमोरून जात असेल त्याने पदरमोड करून बांधावा, हा न्याय कोणासही विचित्रच वाटेल. तथापि अमेरिकेतील अनेक नगरांत हाच न्याय वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर हे त्याचे बोलके उदाहरण होय.

डेन्व्हरमध्ये विजेवर चालणारी हलकी रेल्वे 1994 साली सुरू झाली. पुढे 2004 साली त्या प्रदेशातील मतदारांनी रेल्वेमार्गांच्या विस्तारासाठी विक्रीकरात 0.4 टक्के वाढ मान्य केली. शंभर डॉलरच्या खरेदीमागे चाळीस सेंट, आणि त्यातून उभारावयाची योजना 4.7 अब्ज डॉलरची! इतका मोठा भार नागरिकांनी आपखुशीने शिरावर घेतला. स्थानके झाली, गाड्या धावू लागल्या. परंतु गाडीतून उतरलेल्या मनुष्याने घरी जावे कसे, याचे उत्तर त्या योजनेत नव्हते. नगरातील सुमारे 40 टक्के रस्त्यांवर एक तर पदपथच नव्हता, किंवा होता तो अपुऱ्या रुंदीचा. कारण उघड होते. पदपथाची डागडुजी ही लगतच्या मालमत्तेच्या मालकाची जबाबदारी, असा तेथील नियम होता.

या नियमाचा दोष केवळ अन्यायात नाही. तो व्यवहारातही टिकत नाही. पदपथ म्हणजे साखळी. दहा घरमालकांनी आपापला तुकडा नीट राखला आणि अकराव्याने राखला नाही, तर चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्या अपंगाला ते दहाही तुकडे निरुपयोगी ठरतात. जुन्या झाडाच्या मुळांनी फरशी उचलली, तर तिचा खर्च एखाद्या निवृत्त वृद्धेने कोठून करावा? आणि तिच्यावर नोटीस बजावण्यास कोणता अधिकारी उत्साहाने पुढे येईल? त्यामुळे नियम पुस्तकात राहिला आणि भेगा फरशीत राहिल्या. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याला याची झळ लागली नाही. बसची वाट पाहत चिखलात उभे राहणाऱ्याला लागली.

अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये हा प्रश्न मतदानाला पडला आणि बहुमताने असे ठरले की, यापुढे पदपथ बांधणे व दुरुस्त करणे हे नगराचे काम. त्यासाठी प्रत्येक मालमत्तेने वार्षिक शुल्क द्यावे आणि ते पैसे पदपथांसाठीच राखून ठेवावेत. निर्णय स्वागतार्ह होता, पण खरी कसोटी पुढेच लागली. शुल्क ठरविले होते ते दर्शनी लांबीवर. ज्याचे घर रस्त्याला जितके फूट लागून, तितका आकार अधिक. ऐकावयास हे वाजवी वाटते. प्रत्यक्षात कोपऱ्यावरचे लहानसे घर दोन रस्त्यांना लागून असते. तेव्हा त्या घरातील सामान्य कुटुंबाच्या वाट्याला मोठी रक्कम येऊ लागली, आणि अरुंद दर्शनी भागाच्या पण आत खोल पसरलेल्या मालमत्तेला तुलनेने थोडी. ओरड झाली, आणि ती रास्त होती. नगरपरिषदेने वसुली पुढे ढकलली, आकारणी बदलली आणि बहुतेक निवासी घरांसाठी वर्षाला 150 डॉलर अशी सरसकट रक्कम ठरविली. 230 फुटांहून अधिक लांबी असेल तरच जादा आकार. जानेवारी 2025 पासून ही आकारणी सुरू झाली. सरसकट रकमेत प्रशस्त वाडा आणि दोन खोल्यांचे घर एकाच मापाने मोजले जातात, हा दोष लहान नव्हे. तरीही ही रक्कम प्रत्येकाला समजते, आणि शेजाऱ्याची किती हेही ठाऊक असते. या साधेपणामुळेच ती योजना तरली, असे म्हणावयास हरकत नाही. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, हिवाळ्यात दारापुढील बर्फ काढण्याचे काम मात्र घरमालकाकडेच राहिले आहे. फावडे सुटलेले नाही!

भारतात पदपथाचा भार घरमालकावर नाही, तो महापालिकेवर आहे. येथील अडचण निराळी. स्थानक एका संस्थेचे, रस्ता दुसऱ्या संस्थेचा, त्याखालची गटारे आणि तारा आणखी तिसऱ्या-चौथ्या खात्याच्या. हैदराबादेत नोव्हेंबर 2017 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत सुमारे 69 किलोमीटरचे तीन मार्ग व 57 स्थानके उभी राहिली. त्यांपैकी एक सुलतान बाजारचे. ज्या परिसराशी तेथील मराठी कुटुंबांचे पिढ्यान् पिढ्यांचे नाते आहे, त्या दाट वस्तीच्या डोक्यावरून आता गाडी जाते. गाडी वर, प्रवासी खाली. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी मेट्रोचा हिशेब संपतो आणि तेथून पुढे पाय टाकणारा मनुष्य नगराच्या हवाली होतो.

मनुष्य दहा मिनिटांत साधारण 800 मीटर चालतो. स्थानक मध्यबिंदू धरून तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यात सुमारे दोन चौरस किलोमीटर भूमी येते. स्थानकाचा खरा उपयोग या वर्तुळातील गल्ल्यांवर अवलंबून असतो. तेव्हा या वर्तुळातील पदपथांचा खर्च मेट्रोच्या मूळ अंदाजपत्रकातच का धरू नये? पुलाच्या खांबांवर जो पैसा ओतला जातो, त्याच्या तुलनेने ही रक्कम किरकोळ ठरेल. तो खर्च नंतर महापालिकेने आपल्या सवडीने करावा असे म्हटले, की ती सवड सहसा सापडत नाही.

चेन्नई महापालिकेने 2014 साली याहून धीट पाऊल टाकले. वाहतुकीसाठी असलेल्या अंदाजपत्रकाचा किमान 60 टक्के भाग पायी चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी वापरावा, असे धोरण तिने स्वीकारले. धोरणाचा आकडा आणि खर्चाचा आकडा यांत अंतर राहते हे खरे; पण आकडा लिहिलेला असला म्हणजे नागरिकाला निदान जाब तरी विचारता येतो.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. 2022 साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांतील 32,825 पादचारी होते. दिवसाला सरासरी नव्वद. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वापरण्याजोगे पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. पदपथ कसा असावा हेही अज्ञात नाही. भारतीय रस्ते काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शिका सांगते की, चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी आणि उंची 150 मिलिमीटरहून अधिक नसावी. पुष्कळ ठिकाणी स्कूटर चढू नये म्हणून पदपथ गुडघाभर उंच बांधतात. स्कूटर चढतेच, आजोबा मात्र रस्त्याने चालतात.

राहिला फेरीवाला. त्याला हटविले की पदपथ मोकळा झाला, असे मानणारे अधिकारी दर महिन्याला त्यालाच पुनः हटवीत असतात. स्थानकाच्या दारी भाजी विकणारी बाई तेथे बसते, कारण घरी परतणारा गिऱ्हाईक तेथूनच जातो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगरसमित्या नेमण्यास सांगितले आहे आणि त्यांत किमान 40 टक्के सभासद स्वतः विक्रेते असावेत असे घातले आहे. चालण्याची रुंदी मोकळी ठेवून विक्रेत्यांसाठी निराळी पट्टी आखावयाची असेल, तर त्या समितीची बैठक फरशी बसविण्यापूर्वी झाली पाहिजे. नकाशा कागदावर असतो तोवर रेषा हलविणे स्वस्त पडते.